पाचापैकी दोन तयार

३ तारीख, मंगळवार

वही नवी आहे. एकतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोंदी लिहिल्या, त्या सगळ्या दुसऱ्यांच्या मालाच्या. आता निवृत्तीनंतर पहिल्यांदाच काहीतरी माझं आहे. शिवाय या प्रकरणात कोण कधी काय म्हणालं, याचा पुढे पुरावा लागेल असं मला आत्तापासूनच वाटतंय.

माझं म्हणजे व्हॅन. डिझेलची, पांढरी, मागे सहा जणांची जागा. डायलिसिस केंद्राच्या सहा पेशंटना आठवड्यातून तीनदा घरून न्यायचं आणि घरी आणून सोडायचं. काम येत्या पहिल्या तारखेपासून. केंद्राच्या मॅडमची एकच अट आहे: धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र वीस तारखेला त्यांच्या टेबलावर पाहिजे. नसेल तर काम दुसऱ्या गाडीवाल्याला.

ही तपासणी आता धुराच्या नळीपाशी होत नाही. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथे तपासनीस मशीन लावतो आणि गाडीलाच विचारतो. गाडीच्या संगणकाने आपल्या पाच तपासण्या आपणच करून ठेवलेल्या असाव्या लागतात. पाचही पुढे ‘तयार’ आलं तर पास. गेल्या आठवड्यात मेहुण्याने एक सेन्सर बदलला आणि मशीनचं एक बटण दाबून गाडीची सगळी आठवण पुसली. तसं करावंच लागतं म्हणे. आता ती पुन्हा भरायची, आणि ती नुसती उभी राहून भरत नाही.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. गॅरेज त्याचं. त्याने कागदावर लिहून दिलं आहे. गाडी आठ तास गार पडलेली हवी. टाकी पावच्या वर आणि पाऊणच्या खाली. सुरू करून तीन मिनिटं जागेवर ठेवायची, मग दहा मिनिटं वस्तीतून थांबत-थांबत, मग मोकळ्या रस्त्याला ऐंशीच्या वेगाने सलग वीस मिनिटं, काटा हलता कामा नये. शेवटी पाय उचलायचा आणि ब्रेक न लावता तीसपर्यंत येऊ द्यायची, असं तीनदा. “एका फेरीत सगळं होत नाही, दाजी,” म्हणाला. “लागोपाठ तीन-चार सकाळी करा. आदल्या दिवशीचं तिच्या लक्षात राहतं, त्यावर पुढचं चढतं.”

आता माझा मुद्दा. गाडी शोधून दिली त्याने. दुरुस्त केली त्याने. मॅडमकडे माझं नाव घातलं त्याने, कारण केंद्राची रुग्णवाहिका त्याच्याच गॅरेजात येते. आणि गाडीची दुसरी चावी अजून त्याच्याच भिंतीवर खिळ्याला आहे, ‘अडीनडीला असू द्या’ म्हणून. पुरवठा, तपासणी आणि पावती तिन्ही एकाच माणसाच्या हातात असेल तर आमच्या स्टोअरमध्ये त्याला चौकशीला बसवत.

म्हणून मी माझा बंदोबस्त केला आहे. रोज संध्याकाळी गाडी लावली की बॉनेट उघडतो, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची काळी वायर सोडवतो आणि बाजूला वळवून ठेवतो. कुणाकडे चावी असो नाहीतर चावीचा बाप असो, गाडी जागची हलणार नाही. सकाळी पुन्हा जोडतो. पाना माझ्या खिशात. हे फक्त मला ठाऊक. हिला वाटतं मी तेल-पाणी बघतो. हिला सांगणं म्हणजे तिच्या भावाला पत्र टाकण्यासारखंच.

५, गुरुवार

पहिली फेरी. साडेसहाला निघालो. ऐंशी म्हणजे ऐंशी, असं ठरवून बसलं की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्या वाईटावर आहे हे कळतं. एक ट्रॅक्टर, दोन सायकली, आणि एक म्हातारा जो नेमका मी आल्यावर रस्ता ओलांडायचं की नाही याचा विचार करायला लागला. काटा हलला नाही. पाय उचलून गाडी सोडून दिली तेव्हा मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवरून हात काढलाच नाही. त्याला काय माहीत, मी काही झोपलो नव्हतो, परीक्षा देत होतो.

गॅरेजात मेहुण्याने मशीन लावलं. पाचापैकी दोन तयार. “पहिल्या दिवशी दोन म्हणजे झकास,” म्हणाला आणि चहा मागवला. चहा कशासाठी, ते कळलं नाही.

डॅशबोर्डवरचं घड्याळ बिघडलेलं आहे. रोज सकाळी ते बारापासून मोजायला सुरुवात करतं. मी साडेसहाला निघालो तर ते बारा वाजून चार मिनिटं दाखवत होतं. गाडी देताना मेहुण्याने घड्याळाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. नोंद असावी.

६, शुक्रवार

दुसरी फेरी, कालच्यासारखीच, उलट कालच्यापेक्षा चोख. मशीनवर पाचापैकी दोन. तेच दोन.

मेहुण्याने मशीन काढून पुन्हा लावलं. डोकं खाजवलं. “कालचे दोन गेले आणि आज पुन्हा आले, असं दिसतंय. कुणीतरी आठवण पुसल्याशिवाय असं होत नाही.”

हे त्याने आपण होऊन सांगितलं. माणूस घाबरला की जास्त बोलतो, हे मी स्टोअरमध्ये पुष्कळ वेळा पाहिलंय.

७, शनिवार

तिसरी फेरी. दोन.

संध्याकाळी मेहुणा घरी आला. हिने खायला दिलं, दोघं बहीणभाऊ माझ्याच खुर्चीपाशी बसून हसत होते. मग सहज विचारल्यासारखं करून तो म्हणाला, “दाजी, बॅटरीची वायर कधी सैल होते का? किंवा तुम्ही कधी काढता का? वायर सुटली तरी आठवण जाते.”

मी सावध झालो. आजवर याने कधी माझ्या बॅटरीची चौकशी केली नव्हती. नेमकी आत्ताच का? गाडी चावीने सुरू होते का, हे त्याने कधीतरी करून पाहिलं असणार, त्याशिवाय असा प्रश्न सुचत नाही. म्हणजे माझा बंदोबस्त बरोबरच होता!

“मी कशाला काढू?” मी म्हणालो. “मला दुसरे उद्योग नाहीत का?”

“नाही, विचारलं आपलं.”

“अरे, ते तर बॉनेट उघडून नुसतं तेल बघतात,” ही म्हणाली. भावाच्या ताटात आणखी वाढलं.

वायर सुटल्याने आठवण जाते, ही त्याने मारलेली थाप आहे. आठवण मशीनने पुसतात. माझ्या डोळ्यांदेखत बटण दाबून पुसली होती त्याने. मशीन कुणाकडे आहे? त्याच्याकडे.

९, सोमवार

काल फेरी नाही, पण युक्ती सुचली. स्टोअरमध्ये महत्त्वाच्या कपाटाला आम्ही कागदाची पट्टी डकवून त्यावर सही करत असू. स्टिअरिंगखालच्या खाचेवर तशीच पट्टी डकवली, आडवी सही केली. म्हणजे रात्रीतून कुणी मशीन लावलं तर सही फाटणार.

सकाळी पट्टी जशीच्या तशी. सही अखंड. खूश होऊन फेरी केली. गॅरेजात स्वतः पट्टी काढली, मेहुणा बघत राहिला. “हे काय, दाजी?” “काही नाही, धूळ जाते आत.”

पाचापैकी दोन.

आता असा विचार करावा लागतो की त्याच्याकडे लांबूनही पुसता येतं. आजकाल टीव्ही लांबून बंद होतो, हे का होणार नाही?

समोरचा शिंपी दिवसभर खिडकीत मशीनवर बसलेला असतो. त्याला विचारलं, माझ्या गाडीपाशी कुणी येतं का. तो म्हणाला, “तुमच्याशिवाय कुणी फिरकत नाही. तुम्ही मात्र रोज संध्याकाळी अर्धे आत जाता. इंजिनाला अंगाई म्हणता की काय?”

शिंपी त्याला सामील असेल असं वाटत नाही. पण मेहुण्याच्या पँटी हाच शिवतो.

११, बुधवार

केंद्राने माझा नंबर पेशंटना देऊन टाकलाय. आज एका बाईंचा फोन आला. शाळेत शिकवायच्या, आता एकट्याच राहतात. आवाज अजून वर्गात बोलल्यासारखा. “पहिल्या तारखेपासून येणार ना तुम्ही? नक्की सांगा, म्हणजे मी तशी तयारी करते.” तयारी कसली, असं विचारलं. तर म्हणाल्या की सध्या दोन बस बदलून जातात, येताना अंगात काही उरत नाही, म्हणून मधल्या थांब्यावर बसायला घरून एक घडीची खुर्ची नेतात. ती आता नेऊ नको का, एवढंच विचारायचं होतं.

मी म्हणालो, नेऊ नका. निवृत्त झाल्यापासून माझ्या ‘हो’वर कुणाचं काही अवलंबून नव्हतं. हे काम मला पाहिजे. कुणी ते माझ्या हातून काढून घेत असेल तर त्याची खैर नाही, मग तो कुणाचाही भाऊ असो.

१२, गुरुवार

आज मेहुणा आपण होऊन फेरीला आला. भल्या सकाळी गॅरेजच्या तोंडाशी उभा. शेजारी बसला आणि पहिली दहा मिनिटं माझं चालवणं न बघता घड्याळाकडेच बघत होता.

“हे रोज असंच असतं का? बारापासून?”

“तूच दिलेली गाडी आहे. तुलाच ठाऊक.”

ऐंशीवर वीस मिनिटं तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. एरवी याची टकळी बंद होत नाही. चोरी पकडली गेली की माणूस असा गप्प होतो.

संध्याकाळी पुन्हा घरी हजर. चहा अर्धा झाल्यावर, खाली बघत: “दाजी, ती बॅटरीची वायर... नक्की काढत नाही ना तुम्ही?”

“एकदा सांगितलं ना, नाही म्हणून? का मी खोटं बोलतोय?”

“नाही नाही, तसं कुठे म्हणालो.” कप ठेवला. हिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “असं करू. तीन-चार दिवस गाडी माझ्या आवारात लावू. सकाळी तुम्ही या, फेरी करा, तिथेच सोडा.”

असा आहे तर बेत! गाडी पूर्ण त्याच्या ताब्यात!

१४, शनिवार

दोन दिवस या घरात दुसरा विषय नाही. कालची फेरीही दोनवरच अडकली, आज केलीच नाही. ही म्हणाली, “तुमच्या संशयाने ते काम जाईल. बाईंना काय सांगणार, खुर्ची परत काढा म्हणून?” हे तिने बरोबर वर्मावर बोट ठेवलं.

गाडी त्याच्या ताब्यात दिली. द्यायच्या आधी किलोमीटरचा आकडा, डिझेलचा काटा, चारही चाकांचे नंबर आणि स्टेपनी असल्याची नोंद केली. मेहुण्याकडून सही घेतली. त्याने हसत केली, पण ते हसू नेहमीचं नव्हतं.

१८, बुधवार

रविवारपासून चार सकाळी चालत गॅरेजवर गेलो आणि त्याच्या आवारातून फेऱ्या केल्या. रविवारी दोन. सोमवारी तीन. काल चार.

आज पाच! पाचापैकी पाच तयार!

मेहुण्याने मशीनचा पडदा माझ्या तोंडासमोर धरला. मला खरं तर उडी मारावीशी वाटली. पण डोकं जागेवर ठेवून विचार केला. माझ्या दारात असताना रोज पुसलं जात होतं. याच्या आवारात आल्यावर एकदाही नाही. याहून सरळ पुरावा काय असतो? ज्याला पुसायचं होतं त्याला आता पुसायची गरज उरली नाही, कारण श्रेय त्याचं झालं. उद्या मॅडमपुढे म्हणेल, दाजींना जमेना, मी करून दिलं.

किलोमीटर मात्र बरोबर भरले. आकडा तीनदा ताडून पाहिला. चार फेऱ्यांचं अंतर, वर एक वीतसुद्धा नाही. थोडा विरस झाला, हे लिहून ठेवतो.

उद्या दहाला तपासणी. मी गाडी घरी आणली. तो नको म्हणत होता, “इथूनच परस्पर जाऊ.” मी म्हणालो, माझी गाडी माझ्या दारातून निघेल. मग निघताना खिडकीपाशी आला, काचेवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, “बरं. पण आज एवढं ऐका, दाजी. बॉनेट उघडूच नका. तेल-पाणी मी बघितलंय. सकाळी फक्त चावी फिरवा आणि या.”

बॉनेट उघडू नका! असं काय आहे तिथे, जे मी बघू नये?

घरी आल्या-आल्या उघडलं. टॉर्च लावून सगळं तपासलं. काही बदललेलं दिसलं नाही. पण ज्या अर्थी त्याने एवढं बजावलं त्या अर्थी आज रात्रीच काहीतरी व्हायचं असेल. पाचही तयार असलेली गाडी आहे, आज तिला खरी किंमत आहे. वायर सोडवली आणि यावेळी फडक्यात गुंडाळून दोरीनेही बांधली.

आता निवांत झोपेन.

१९, गुरुवार

नापास.

एक नाही, दोन नाही. पाचापैकी शून्य.

तपासनीस तरुण आहे, चष्मा कपाळावर. मशीनकडे बघून म्हणाला, “आठवण कोरी आहे. काल बॅटरी काढली होती का? हे बघा, घड्याळसुद्धा नव्याने सुरू झालंय.”

मी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून चाळीस.

त्या एका क्षणात मला सगळं कळलं. रोजच्या संध्याकाळी एकेक करून डोळ्यांसमोर आल्या, रोजचा पाना, रोजची काळी वायर. मीच. दुसरं कुणी नाही, पहिल्या दिवसापासून मीच.

माझ्या मागून मेहुणा म्हणाला, “हो, मीच काढली होती. काल चार्जिंगला लावली. लक्षातच आलं नाही.”

तपासनीस त्याच्याकडे बघून हसला. “गॅरेजवाले ना तुम्ही?”

“चूक झाली,” मेहुणा म्हणाला.

मी शेजारी उभा होतो. मी काही बोललो नाही. नोंद खरी असली पाहिजे: मी काही बोललो नाही.

२०, शुक्रवार

त्याने असं का केलं? सकाळपासून तेच शोधतोय. त्याला यात काय मिळणार? काहीतरी पाहिजे असेल. काय पाहिजे असेल? मला काही सापडेना, तरी शोधत राहिलो. सवय आहे.

तो मॅडमकडे जाऊन आला. चूक माझी आहे, दाजींना आणखी आठ दिवस द्या, म्हणाला. मॅडमनी सत्तावीसपर्यंत मुदत दिली. आणि म्हणाल्या, बॅटरीचं एवढं साधं भान नसेल तर रुग्णवाहिका तुमच्या हाती कशी द्यायची. रुग्णवाहिका त्याच्याकडून काढली. हे त्याने सांगितलं नाही, केंद्राच्या ड्रायव्हरकडून कळलं.

संध्याकाळी गाडी लावली. पाना खिशातच राहिला.

२२, रविवार

आज जे झालं ते व्हावं म्हणून मी कित्येक वर्षं वाट पाहत होतो.

लग्नापासून मी हिच्या भावाबद्दल बोलत आलो आणि ही त्याची बाजू घेत आली. आज फोन वाजला, त्याचाच होता, आणि हिने घेतला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा घेतला नाही. मग भाजी निवडत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही म्हणत होतात तेच खरं. बेजबाबदार आहे तो. तुमचं काम जात होतं त्याच्यापायी. इतकी वर्षं मीच डोळे झाकले.”

तिचे डोळे भरले होते. खिशातला पाना मांडीला टोचत होता. जिंकल्यावर असं वाटत असेल तर कुणी कशाला जिंकावं?

फोन तिसऱ्यांदा वाजला.

२३, सोमवार

सांगितलं.

सकाळी ती ओट्यापाशी उभी होती. मी पाना काढून ओट्यावर ठेवला. म्हणालो, बॅटरी त्याने नाही काढली. मी काढली. रोज काढत होतो. तेल-पाणी बघत नव्हतो.

तिला आधी कळलंच नाही. “रोज? कशासाठी?”

“गाडी कुणी नेऊ नये म्हणून.”

“कोण नेणार? चावी तर तुमच्याजवळ असते.”

तीच बोलता-बोलता थांबली. दुसरी चावी कुठे टांगलेली आहे ते तिलाही माहीत आहे.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हात पुसले, आतून फोन आणला, भावाचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. स्वतः दार ओढून बाहेर जाऊन उभी राहिली.

तो “हॅलो, ताई” म्हणाला. मी म्हणालो, मी बोलतोय. मग तो म्हणाला, “उद्या सहाला येऊ का, दाजी? फेरी राहिलीय.”

दुपारी मॅडमकडे गेलो. कितीतरी दिवसांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वायर मी काढत होतो, त्याने माझी चूक अंगावर घेतली, असं उभ्यानेच सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मग पेशंट तुमच्या हाती कसे द्यायचे?” मी म्हणालो, ते तुम्ही ठरवा, पण रुग्णवाहिका त्याची त्याला द्या. त्या म्हणाल्या, रुग्णवाहिका या महिन्यापुरती दुसरीकडे गेली आहे, पुढचं पुढे बघू. तुमची मुदत सत्तावीस, ती सत्तावीसच. नंतर दारापर्यंत पोचलो तेव्हा म्हणाल्या, “त्या बाई रोज फोन करून तुमची चौकशी करतात.”

२४, मंगळवार

मेहुणा सहाला आला. शेजारी बसला. घड्याळात सहा वाजून दोन मिनिटं झाली होती. शुक्रवारी मीच लावलं होतं, तेव्हापासून बरोबर चाललंय.

वस्तीतून बाहेर पडलो, मोकळा रस्ता लागला, काटा ऐंशीवर आणला. आता वीस मिनिटं थांबायचं नाही, हलायचं नाही. तेवढ्यात विचारलं. समोर बघूनच विचारलं.

“तुला कधी कळलं?”

“घड्याळ बघितलं त्या दिवशी. वायर काढल्याशिवाय ते बारावर जात नाही.”

“मग बोलला का नाहीस?”

“दोनदा विचारलं होतं की. तुम्ही ताईसमोर नाही म्हणालात. ताईसमोर तुम्हाला खोटं पाडू?”

“एकट्याला सांगायचं होतंस.”

मैलाचे दोन दगड गेले.

“सांगणार होतो. मग विचार केला, हे वायर काढतात कशासाठी? तुमच्या गल्लीतून गाडी चालू करून नेऊ शकेल असा एकच माणूस आहे. दुसरी चावी त्याच्याकडे आहे.” आवाज अगदी साधा होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. “ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, दाजी.”

मला रस्ता दिसेना. पुढच्या ट्रकचे लाल दिवे पसरट झाले. गाडी बाजूला घ्यावी, खाली उतरावं, या माणसाचे हात धरावेत असं वाटलं. पण थांबलो असतो तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि अजून तेरा मिनिटं बाकी होती.

“ऐंशी,” तो म्हणाला. “ऐंशीच ठेवा, दाजी. मी बघतोय रस्ता.”

बाही डोळ्यांवरून फिरवली. काटा हलू दिला नाही.

२७, शुक्रवार

पाचापैकी पाच. तपासनीसाने चष्मा कपाळावर सारून प्रमाणपत्र दिलं. ते अकरा वाजता मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी तारीख वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि सहा पत्त्यांची यादी पुढे सरकवली. पहिलं नाव बाईंचं आहे.

ही भावाकडे जेवायला गेली आहे. मलाही बोलावलं होतं. मी म्हणालो, पुढच्या रविवारी येतो. अजून त्याच्या घरात ताठ मानेने बसता येईल असं वाटत नाही. दुपारी दहाचा पाना त्याच्याकडे नेऊन दिला होता. त्याने परत माझ्या खिशात घातला. “असू द्या. कधीतरी खरंच बॅटरी बदलावी लागेल.” चावी त्याच्या भिंतीवर खिळ्यालाच होती. मी ती मागितली नाही.

संध्याकाळी गाडी लावली, बॉनेटला हात न लावता वर आलो. खिडकीतून तीनदा पाहिलं. गाडी जागेवरच होती.